वाटेत थांबावे कोठे?

नवविवाहित जोडप्याने लग्नानंतर चार दिवस प्रवासास निघावे, ही चाल साहेबाकडून आली असे पुष्कळांस वाटते. 'मधुचंद्र' हा शब्द इंग्रजी शब्दावरून घडविलेला आहे आणि मूळ शब्द त्या भाषेत सोळाव्या शतकापासून आढळतो, हे खरे. परंतु चाल म्हणून पाहिली तर ती आपल्याकडे जुनीच आहे. लग्नाची हळद अंगावर असतानाच वधूवरांनी कुलदैवताच्या दर्शनास जावयाचे, जेजुरीस वराने वधूला उचलून काही पायऱ्या चढावयाच्या, हा त्या दोघांचा पहिला प्रवासच होय. फरक इतकाच की, त्या प्रवासात थांबे परंपरेने ठरवून दिलेले असत. आजच्या जोडप्यास ते स्वतः ठरवावे लागतात, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

धाराशिव जिल्ह्यातील अणदूर गावच्या लोकांस तर प्रवासाचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. त्यांचा देवच प्रवासी आहे. अणदूरचा खंडोबा वर्षातील सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळ मैलारपूरला राहतो. दोन देवळे, दोन गावे, परंतु मूर्ती एकच. पौषी पौर्णिमेस मैलारपूरची मोठी यात्रा भरते, त्या वेळी देवाचा मुक्काम तेथे असतो. खंडोबा आणि बाणाई यांचे लग्न नळदुर्गास लागले, असेही या भागातील लोक श्रद्धेने सांगतात. देवाच्या या वार्षिक प्रवासात थांबे दोनच, पण प्रत्येक ठिकाणी तो पुरता राहतो. नव्या जोडप्यांनी त्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

उदाहरणादाखल अणदूरच्या अशाच एका जोडप्याची कल्पना करावी. लग्न मार्गशीर्षात झालेले. मुलगा नोकरी करणारा, मुलगी उमरग्याकडची, पदवीधर. दोघांचा परिचय म्हणजे बैठकीत झालेली दोन भाषणे आणि दूरध्वनीवरील काही संभाषणे. पौषी पौर्णिमेस जोडीने मैलारपूरला गेलेच पाहिजे, असा घरचा रिवाज. तत्पूर्वी सहा दिवसांची रजा. एका मित्राने मोटार दिलेली. कोकणचा समुद्र पाहावयाचा आणि समुद्रातील सिंधुदुर्गाचे बेट पाहावयाचे, असा बेत ठरला. घरातील आत्याबाई मात्र म्हणाल्या, "इतका पैसा घालून पाणीच बघायचं, तर नळदुर्ग काय वाईट हाय? तिथंबी पाणीच हाय की." सगळे हसले आणि प्रश्न तेथेच राहिला.

मुलाने वही काढून यादी केली. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरे, मालवण, तारकर्ली, निवती, वेंगुर्ले, शिरोडे, रेडी, तेरेखोल आणि पुढे जमल्यास गोवा. प्रत्येक नावापुढे अंतर आणि वेळ. भ्रमणध्वनीवरील नकाशा ही माहिती क्षणात देतो. तो दोन गावांमधील मिनिटे अचूक सांगतो. परंतु वळणावर अकस्मात समुद्र दिसला असता माणसास किती वेळ उभे राहावेसे वाटेल, हे त्यास ठाऊक नसते. यादी पुरी झाली तेव्हा तिच्यात बारा ठिकाणे होती आणि बसण्यास एकही घटका नव्हती.

यादी पत्नीस दाखविली. ती पाहून ती काही बोलली नाही. नव्या सुनेचे मौन म्हणजे संमती, असे समजण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. या सवयीने कित्येक संसारांत पहिल्याच महिन्यात एक न दिसणारी भेग पडते. मुलगा शहाणा, त्याने पुन्हा विचारले, "तुला काय पाहायचं आहे?" तेव्हा थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, मी समुद्र कधीच पाहिला नाही. तो पहिल्यांदा दिसेल तेव्हा कुणी घाई करू नये, एवढंच."

त्या एका वाक्याने बारा ठिकाणांची चार झाली. ती कशी झाली, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

प्रथम अंतराचा हिशेब. अणदूरहून सोलापूर सुमारे पंचावन्न ते साठ किलोमीटर. तेथून मंगळवेढे, सांगोले, मिरज या मार्गाने कोल्हापूर. पुढे गगनबावडा आणि घाट उतरून कोकण. समुद्रापर्यंतचा सारा पल्ला सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा. एका दिवसात तो तोडता येतो, अशी बढाई मारणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याचा अर्थ असा की, घाट अंधारात उतरावयाचा, समुद्र अंधारात गाठावयाचा आणि मोटार हाकणाऱ्याने दुसरा दिवस झोपेत घालवावयाचा. पत्नीने प्रथमच पाहावयाचा तो समुद्र रात्रीच्या काळोखात नुसता ऐकू यावा, यासारखा दुसरा अपव्यय नाही. म्हणून पहिला मुक्काम कोल्हापूरला. अंबाबाईचे दर्शन, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी फेरफटका आणि लवकर निद्रा. वाटेत जेवणासाठी घरूनच कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घ्यावी. झाडाखाली बसून केलेले ते भोजन हाही एक थांबाच होय, आणि त्यास तिकीट पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गगनबावड्यास थांबावे. पठार येथे एकाएकी संपते. ज्यांचा जन्म सपाट काळ्या रानात गेला, त्यांस हा देखावा चकित करून सोडतो. पायाखालची भूमीच तुटली आणि खाली दुसराच हिरवा प्रांत पसरला, असे वाटते. येथून खाली उतरण्यास करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. दरडी व दुरुस्ती यांमुळे त्यांपैकी एखादा कधीकधी बंद असतो. यास्तव गगनबावड्यासच चौकशी करून मग मोटार पुढे घालावी. घाटात वळणावर मोटार उभी करून छायाचित्रे घेण्याचा मोह टाळावा. पाहावयाचे ते माथ्यावर, मोकळ्या जागी, स्वस्थ उभे राहून पाहावे.

घाट उतरला की वैभववाडी, तळेरे, नांदगाव, आणि मग देवगडच्या बाजूस वळले की कुणकेश्वर. समुद्राचे पहिले दर्शन कोठे घ्यावे, हा या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय. बंदराच्या गर्दीत, मोटारींच्या रांगेत, विक्रेत्यांच्या आरोळ्यांत ते होऊ नये. कुणकेश्वराचे शिवमंदिर अगदी किनाऱ्यावर आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस सोडले तर तेथे पुष्कळ शांतता असते. देवदर्शन घेऊन बाहेर यावे तो समोर सागर. दुपारी तीन-साडेतीनला तेथे पोहोचावे आणि सूर्यास्तापर्यंत दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवू नये. पौष महिन्यात तेथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पहिल्या भेटीस तीन तास मिळाले. विजयदुर्ग याच दिवशी पाहून घ्यावा, असे यादीत होते. तो किल्ला पाहण्यासारखा आहे, यात संशय नाही. परंतु तो पाहिला असता हे तीन तास गेले असते. त्या वाक्यास दिलेला मान राखावयाचा तर विजयदुर्ग पुढच्या खेपेस.

आता ज्या गोष्टीचा विचार पठारावरचा मनुष्य कधीच करीत नाही, ती गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. आपल्या नद्या वर्षातून एकदा भरतात, समुद्र दिवसातून दोनदा भरतो. हे दोन्ही वेळांचे चक्र पुरे होण्यास सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटे लागतात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब चालत आला आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी, तीनांनी गुणावी, चारांनी भागावी. येणारा आकडा हा पूर्ण भरतीचा तास. अष्टमीस आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. अर्थात सकाळी सहाच्या आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस हाच आकडा सव्वाअकरा येतो. हा अंदाज स्थूल आहे, ठिकाणपरत्वे थोडे अंतर पडते. तथापि घरातील दिनदर्शिका आणि पाढे एवढ्या सामग्रीवर अणदूरच्या ओसरीत बसून समुद्राची चाल ओळखता येते, हे काही थोडे नाही.

या जोडप्याने शुद्ध षष्ठीस निघावयाचे ठरविले. सप्तमीस कुणकेश्वर, म्हणजे भरती सव्वापाचला. सूर्यास्ताच्या वेळी समुद्र नुकताच भरून परतू लागलेला असणार, पाणी जवळ आलेले, लाटांचा नाद मोठा. माथ्यावर अर्धा चंद्र, तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. पहिल्या दर्शनास याहून चांगला योग शोधून सापडला नसता. पौर्णिमेला तर सूर्य समुद्रात बुडत असताना माडांच्या मागून चंद्र वर येतो आणि ओहोटीमुळे वाळू दूरवर उघडी पडते. तो देखावा आणखी मनोहर खरा. परंतु ती पौर्णिमा मैलारपूरची होती. दोन चांगल्या गोष्टींपैकी एक निवडणे हे संसारात नित्याचेच आहे. त्याचा पहिला पाठ या बेतातच मिळाला.

अष्टमीस कुणकेश्वराहून मिठबाव, आचरे या किनाऱ्याच्या मार्गाने मालवण. हा रस्ता खाड्या ओलांडीत, माडांच्या वाड्यांतून जातो आणि समुद्र मधूनमधून दिसतो, पुन्हा लपतो. येथे वेग वाढवू नये. मालवणास सामान ठेवून दुपारच्या ओहोटीस देवबागेस जावे. तारकर्लीपासून देवबागेकडे जाणारी भूमी ही एक चिंचोळी पट्टी आहे. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला अरबी समुद्र, आणि मध्ये माड, घरे व रस्ता. शेवटी नदी समुद्रास मिळते. रस्ता तेथे संपतो आणि आल्या वाटेनेच परतावे लागते. पुढे जाता येत नाही असे ठिकाण प्रवासात एक तरी असावे, तेथे मनुष्य निमूटपणे उभा राहतो.

परंतु या संगमात उतरू नये. नदीचे पाणी आणि ओहोटीचे पाणी मिळून जी ओढ निर्माण होते, तिच्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. विहिरीत पोहावयास शिकलेल्यास पाणी स्थिर असते, अशी सवय झालेली असते. समुद्र वरून शांत दिसतो आणि खालून ओढतो. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीस आलेले आठ जण बुडून मरण पावले. ती माणसे बेपर्वा होती असे नव्हे. त्यांस तो किनारा परका होता. म्हणून पाण्यात जावयाचे ते स्थानिक लोक सांगतील तेथे, भरतीच्या वेळी, गुडघ्यापर्यंत. नावेत बसताना तरंगजाकीट अंगात घालावे, आणि नावाडी नको म्हणाला तर हुज्जत घालू नये. त्याने 'नको' म्हणावे यात त्याचे भाडे बुडते, तरी तो म्हणतो, याचा अर्थ समजून घ्यावा.

नवमीचा दिवस बेटाचा. मालवणच्या धक्क्यावरून सकाळच्या पहिल्या नावांपैकी एक पकडावी. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, पौषात अडचण नसते. अष्टमी-नवमीच्या सुमारास समुद्रास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतील अंतर कमी व पाण्याची ओढही कमी. नवख्यांनी नावेत बसण्यास हे दिवस बरे. मात्र पाणी फार मागे हटत नसल्यामुळे मोठ्या ओहोटीत पायी जाता येणारा जवळचा पद्मगड या दिवसांत सोडून द्यावा.

सिंधुदुर्गाच्या बांधकामास शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर आरंभ केला. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे हे खडकाळ बेट. तटाच्या पायात शिसे ओतलेले. महाद्वार अशा खुबीने वळवून ठेवलेले की, अगदी जवळ येईपर्यंत बाहेरच्यास ते दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि महाराजांच्या हातापायांचे म्हणून जपलेले ठसे आहेत. परंतु मराठवाड्यातील माणसाची पावले जेथे आपोआप थबकतील ते ठिकाण निराळेच. चोहोंकडे खारट पाणी आणि मध्ये दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. ज्या मुलीने उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, ती त्या विहिरीच्या काठी किती वेळ उभी राहील, हे कोणत्या नकाशाने सांगावे? किल्ला अर्ध्या तासात 'उरकणारे' लोक असतात. या जोडप्याने तटावर बसण्यासाठी एक तास निराळा राखून ठेवला.

दुपारनंतरचा वेळ वहीत कोरा सोडलेला होता. त्या वेळाचे काय करावयाचे, ते पत्नीने ठरवावयाचे, आणि तेही तेथे गेल्यावर. तिला बाजार हिंडावासा वाटेल, पुन्हा समुद्रावर जावेसे वाटेल, किंवा माहेरी सविस्तर दूरध्वनी करून स्वस्थ झोपावेसे वाटेल. तिन्ही गोष्टी सारख्याच योग्य. वहीतील ही कोरी जागा पुष्कळ नवरे सोडीत नाहीत. खर्च आपला, रजा आपली, मोटार आपण हाकतो, मग बेतही आपलाच, असे त्यांस वाटते. प्रवास दोघांचा असून एकाच्याच डोळ्यांनी होतो. घरी परतल्यावर छायाचित्रे दोघांची निघतात, पण आठवण एकाचीच राहते.

दशमीस परतीचा मार्ग. वेंगुर्ले, शिरोडे, गोवा ही नावे वहीत राहून गेली. परतताना मालवणापासून थोड्या अंतरावर धामापूरचा तलाव लागतो. सन १५३० च्या सुमारास बांधलेला हा तलाव, काठी भगवतीचे देऊळ, सभोवती दाट झाडी. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० साली त्यास जागतिक वारशाच्या सिंचन-रचनांत स्थान दिले. समुद्राच्या गर्जनेनंतर त्या निश्चल पाण्याजवळ घटकाभर बसले असता मन परतीस तयार होते. घाट उजेडी चढून त्या रात्री पुन्हा कोल्हापूर.

एकादशीस कोल्हापूरहून सकाळी निघाले की दुपारनंतर सोलापूर मागे पडते आणि अणदूरच्या आधी नळदुर्ग येते. घर इतके जवळ आले असता कोणी थांबत नाही. या जोडप्याच्या वहीत मात्र शेवटचा थांबा हाच लिहिलेला होता, आणि तो पत्नीने सुचविला होता. नळ-दमयंतीशी लोकांनी नाते जोडलेला हा किल्ला. बोरी नदीवर बंधारा घालून किल्ला आणि रणमंडळ ही दोन्ही अंगे जोडलेली. त्या बंधाऱ्याच्याच पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन प्रपात कोसळतात आणि आत बसलेल्यास पाण्याच्या पडद्यातून बाहेरचे जग दिसते. पौषात प्रपात बंद असतात. बंधाऱ्यामागे पाणी मात्र असते, आणि त्यात तटाची छाया पडलेली असते.

लहानपणापासून दोघांनीही हा किल्ला शाळेच्या सहलीत, धावतपळत, रांगेत पाहिलेला. सहा दिवस हळू चालण्याची आणि एकमेकांस विचारून थांबण्याची सवय झाल्यावर तोच बंधारा त्यांनी प्रथमच नीट पाहिला. मग मैलारपूरला देवास नमस्कार करून, यात्रेस पुन्हा येतो असे सांगून, दोघे दिवेलागणीस घरी पोहोचली.

आत्याबाईंनी विचारले, "मग, पाणी बघितलं का?"

सून म्हणाली, "बघितलं, आत्याबाई. नळदुर्गाचंही बघितलं. आता पावसाळ्यात तुम्हांला घेऊन जायचं आहे."

प्रवासाचा बेत करणाऱ्या प्रत्येक जोडप्याने वहीत ठिकाणे लिहिण्यापूर्वी एकमेकांस एक प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की थांबे कोठे घ्यावयाचे, हे ठरविणे फारसे अवघड राहत नाही.